न वाचलेली चार पुस्तकं घेऊन या

तासगावच्या एका ताईंनी विचारलंय: "मागच्या दिवाळीत एक यादी बघून साडेतीन हजारांची पुस्तकं घेतली. सगळी शोकेसमध्ये पडून आहेत. 'कोसला' तिसाव्या पानावर थांबली, 'मृत्युंजय' उघडलीच नाही, यशस्वी कसं व्हावं ते सांगणारं एक भाषांतर अर्ध्यावर सोडलं आणि मुलीसाठी आणलेला गोष्टींचा जाडजूड संच तिनं चित्रं बघून ठेवून दिला. वडील ६६ वर्षांचे, एसटीत कंडक्टर होते. पेपर सोडून काही वाचत नाहीत. मी बँकेत, रोज बसनं सांगलीला ये-जा. मुलगी चौथीत, इंग्रजी शाळेत. आम्हा तिघांना तुम्ही काय द्याल? आणि तुमच्या दुकानात सध्या नवीन काय? एखाद्या रविवारी यावं म्हणते."

ताई, साडेतीन हजार रुपये पुस्तकांवर घालणाऱ्या घराला वाचनाचा कंटाळा आहे, हे मी मानणार नाही. तुमची पुस्तकंही वाईट नाहीत. घोटाळा झालाय तो क्रमाचा. यादी करणाऱ्याला पुस्तकं माहीत होती, तुमच्या घरातली माणसं माहीत नव्हती.

मी सांगलीत एकोणीस वर्षं पुस्तकं विकते. गिऱ्हाईक आत येतं, इकडंतिकडं बघतं आणि म्हणतं, "काय तर चांगलं द्या की." सुरुवातीची काही वर्षं मी मला आवडलेलं पुस्तक काढून द्यायची, अगदी उत्साहानं. वर्ष-दीड वर्षात त्यातली बरीच पुस्तकं आमच्याच जुन्या पुस्तकांच्या कप्प्यात परत यायची. पानं कोरी करकरीत आणि मध्ये आमच्या दुकानाची खूणपट्टी, बहुतेक वेळा चाळीस पानांच्या आतच अडकलेली. मला हा धंदा त्या खूणपट्ट्यांनी शिकवला. आता मी पुस्तक काढण्याआधी दोन प्रश्न विचारते. तुम्ही शेवटचं पुरं वाचलेलं पुस्तक कोणतं? शाळेतलं असलं तरी चालेल. आणि लहानपणी घरात गोष्टी कोण सांगायचं, कुठल्या गावच्या बोलीत?

दुसऱ्या प्रश्नाला लोक हसतात. पण वाचन सुटलेल्या माणसाचे डोळे काही बिघडलेले नसतात. तो दिवसभर फोनवर वाचतच असतो. बिघडतो तो कान. छापलेली ओळ डोळ्यांखालून जाते, आत आवाज उठत नाही, मग तीच ओळ तीनदा वाचावी लागते आणि माणूस पुस्तक मिटून उठतो. ज्या पुस्तकातलं बोलणं आपण कधीतरी खरोखर ऐकलंय, त्याचा आवाज आपोआप उठतो. म्हणून पहिलं पुस्तक मी घराजवळचं देते. पाचव्या-सहाव्या पुस्तकानंतर माणूस कुठंही जायला मोकळा.

वडिलांपासून सुरुवात करते, कारण तुमच्या घरातला सगळ्यात तयार वाचक तेच आहेत. एसटीचा कंडक्टर म्हणजे पंचवीस-तीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं ऐकलेला माणूस. तासगावच्या डेपोत नोकरी झाली असेल तर विटा-आटपाडी बाजूच्या गाड्या त्यांनी केल्याच असणार. खरसुंडी, दिघंची, झरे हे सगळे थांबे पाठ असणार. त्यांना 'बनगरवाडी' द्या. व्यंकटेश माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे, कादंबरी १९५५ सालची. औंध संस्थानातला एक कोवळा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, एवढीच गोष्ट. पोरं मेंढरांमागं जातात, शाळेत कोण येणार? मग मास्तर हळूहळू वाडीचा लेखनिक होतो, पंच होतो, निरोप्या होतो. वाडी मिळून तालीम बांधते. आणि मग पाऊस पडत नाही. पुढचं सांगत नाही. दीडशे पानांच्या आतबाहेरचं पुस्तक, वाक्यं छोटी, एक शब्द जास्तीचा नाही. आमच्याकडून हे पुस्तक गेलं की अर्ध्यावरची खूणपट्टी घेऊन परत येत नाही.

पण "बाबा, हे वाचा" असं म्हणून देऊ नका. त्या वयाच्या माणसाला 'वाचा' म्हटलं की शाळा आठवते. "बाबा, यात माणदेशाचं लिहिलंय, बरोबर आहे का जरा बघा," असं म्हणा. आयुष्यभर तिकिटं तपासलेला माणूस आहे, तपासणी म्हटली की बसतो. आमच्याकडे एसटीतूनच निवृत्त झालेले एक काका येतात. मी त्यांना असंच सांगितलं होतं. दोन आठवड्यांनी पुस्तक परत घेऊन आले. समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात चार-पाच ठिकाणी "असंच", "आता नाही" आणि एका जागी नुसतं "आई" असं लिहिलेलं. ती प्रत मी विकली नाही. काकांना दुसरी कोरी दिली आणि ती ठेवून घेतली.

त्यानंतर 'माणदेशी माणसं', त्यांचंच, १९४९ सालचं. एक प्रकरण म्हणजे एक माणूस, एका बैठकीत एक होतं. मग द. मा. मिरासदारांच्या कथा, 'मिरासदारी' या जाडसर संग्रहातल्या, आणि शंकर पाटलांच्या. माडगूळकर, मिरासदार आणि शंकर पाटील या तिघांनी एकत्र कथाकथनाचे कार्यक्रम केले होते, गावोगाव. वडिलांनी त्यातला एखादा ऐकलेलाही असेल, विचारून बघा. त्या कथा मुळात तोंडानं सांगायच्या ताकदीच्या आहेत, म्हणून डोळ्यांना जड जात नाहीत.

पुढं 'फकिरा'. अण्णा भाऊ साठे आपल्याच जिल्ह्यातले, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे, कादंबरी १९५९ची. जत्रेचा मान ठरवणाऱ्या जोगणीवरून सुरुवातीलाच जी धुमश्चक्री उडते, ती वारणेकाठच्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. शहरातले काही वाचक मला म्हणतात, फार भडक आहे. असू दे. पोवाडे लिहिणाऱ्याची कादंबरी आहे, तिनं खालच्या पट्टीत का बोलावं?

'झाडाझडती' मात्र लगेच देऊ नका. विश्वास पाटलांची धरणग्रस्तांवरची कादंबरी, १९९२चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला आहे आणि आपल्या भागात कोयना, चांदोली ही नावं ज्यांच्या घरात दुखरी आहेत त्यांना ती खोल लागते. पण जाड आहे. त्याआधी कृष्णात खोतांचं 'रिंगाण' द्या. तेही धरणग्रस्तांचंच, २०२३चा अकादमी पुरस्कार, पण आटोपशीर. धरणात गाव गेलं, माणसं हलली आणि मागं राहिलेली म्हैस रानटी होऊन तिथंच फिरत राहिली. तिच्यासाठी माणूस परत जातो. कोल्हापूरकडची बोली आहे, पहिली दहा पानं मोठ्यानं वाचावी लागतात, मग गाडी चालते. जनावर पाळलेल्या घरात हे पुस्तक दिलं तर देणाऱ्याला रात्री फोन येतो, हा माझा अनुभव.

आता तुमचं. तासगाव-सांगली बस म्हणजे पाऊण तास जायला, पाऊण तास यायला, त्यातला निम्मा वेळ उभं राहून आणि उरलेल्यात डुलकी. म्हणजे रोजची वीस मिनिटं खरी. या वीस मिनिटांत 'कोसला' सुरू करणं म्हणजे अवघड घाटातून गाडी शिकणं. नेमाड्यांनी पंचविशीत लिहिलेली ती कादंबरी मला फार प्रिय आहे, पण तिचा सूर तीस पानांत सापडत नाही आणि बसमध्ये तर नाहीच. तिला शोकेसमध्येच राहू दे. चार दिवस सुट्टी काढाल तेव्हा सलग घ्या.

बसला 'सत्तांतर' न्या. हेही माडगूळकरांचंच. (तुम्ही म्हणाल या बाईला दुसरा लेखक माहीत नाही की काय. माहीत आहेत, पण आटपाडीपर्यंत जाऊन यायला एक दिवस पुरतो आणि हा माणूस तिथला आहे, त्याला मी का सोडू?) वानरांच्या टोळीतल्या सत्तेच्या झगड्याची गोष्ट, शंभरेक पानांची, १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार. यात माणूस जवळजवळ नाहीच. तरी तुमच्या बँकेतली दोन-तीन माणसं तुम्हाला पहिल्या आठवड्यातच त्यात दिसतील. मी हे पुस्तक एका साखर कारखान्याच्या निवडणुकीनंतर चार दिवसांत नऊ प्रती विकलं होतं.

मग 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र १९३४ पासून चार भागांत आलं. नव्वद वर्षांपूर्वीचं पुस्तक म्हटलं की लोकांना वाटतं जड असणार. उलट आहे. शाळेत न गेलेल्या बाईनं स्वयंपाकघरात बसून सांगावं तसं सांगितलंय. वडिलांचं सोवळ्याचं वेड, नवऱ्याचा लहरीपणा, त्यांनी धर्म बदलल्यावर मोडलेला आणि पुन्हा उभा राहिलेला संसार, सगळं हसत-हसत. रडवण्याच्या जागीसुद्धा बाई हसवतात आणि मग बस थांब्यावर उतरल्यावर आपल्याला रडू येतं. कुठलंही पान उघडून सुरू करता येतं, हा बसच्या वाचकाला मोठा फायदा.

तारा भवाळकरांचं 'सीतायन' तिसरं. २०२५ साली दिल्लीत अठ्ठ्याण्णवावं साहित्य संमेलन झालं, त्याच्या त्या अध्यक्षा. राहतात आपल्या सांगलीत. जात्यावरच्या ओव्यांतून, लोकगीतांतून बायकांनी सीतेला कसं आपलंसं केलं, कुठं रामालाही बोल लावला, ते त्या दाखवतात. हे पुस्तक वाचताना आजीची एखादी ओवी आठवली तर लगेच कागदावर उतरवून ठेवा, कारण दुसऱ्यांदा आठवेलच असं नाही.

'ययाति'चं लोक नेहमी विचारतात, कारण वि. स. खांडेकर सांगलीत जन्मले आणि मराठीला पहिलं ज्ञानपीठ, १९७४चं, त्यांच्यामुळं आलं. अभिमान मलाही आहे. पण वाचन सुटलेल्या माणसाच्या हातात मी ते आधी ठेवत नाही. भाषा अलंकारांनी लगडलेली आहे. आजच्या कानाला ती सवयीची नाही. सवय झाल्यावर तिची गोडी कळते. यशस्वी होण्याच्या भाषांतराबद्दल मी काही बोलत नाही. ते अर्धं वाचलंत यातच त्याचं मोठं यश आहे.

मुलीसाठी संच आणायला नको होता. मुलाला संच दिला की त्याला पहिल्याच दिवशी वीस पुस्तकांचं कर्ज होतं. एकच पातळ काहीतरी द्यायचं, संपू द्यायचं, मग दुसरं. इंग्रजी शाळेतल्या चौथीच्या मुलीला मराठी कळतं, बोलता येतं, पण जोडाक्षरांवर अडखळायला होतं आणि त्याची लाज वाटते. तिला 'किशोर'चा एखादा अंक द्या. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय, स्वस्त आहे, अंक फाटला तरी जीव तळमळत नाही. त्यात कविता, कोडी, एक-दोन पानी गोष्टी असतात. मूल मधूनच कुठूनही शिरतं. त्यानंतर माधुरी पुरंदऱ्यांनी संपादित केलेलं 'वाचू आनंदे', बालगटाचं. चांगल्या लेखकांचे छोटे उतारे, सोबत चांगली चित्रं. उतारा संपला की संपला, पुढचं वाचायची सक्ती नाही.

आणि मग 'तोत्तोचान'. चेतना सरदेशमुख गोसावींचं भाषांतर, नॅशनल बुक ट्रस्टनं काढलेलं, म्हणून किंमत परवडणारी. तोक्योतली एक शाळा, आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरणारी. एका खोडकर मुलीला पहिल्या शाळेतून काढलंय आणि नव्या शाळेचे मुख्याध्यापक पहिल्याच दिवशी तिचं बोलणं काही तास ऐकून घेतात. हे पुस्तक मुलीच्या हातात देऊ नका, आजोबांच्या द्या. डब्यात भरणारी शाळा आणि एसटीतले आजोबा. रात्री एक प्रकरण त्यांनी तिला वाचून दाखवायचं. प्रकरणं दोन-तीन पानांची आहेत. पंधरवड्यानं आजोबांनी एक दिवस चष्मा सापडत नाही म्हणायचं आणि तिला वाचायला सांगायचं. अडखळली तर दुरुस्त करायचं नाही, हे मात्र त्यांना आधी बजावून ठेवा. माझ्या सासऱ्यांना मी बजावलं नव्हतं. त्यांनी आमच्या लेकीचे ऱ्हस्वदीर्घ काढले आणि ती दोन वर्षं मराठी पुस्तकाकडे फिरकली नाही.

'मृत्युंजय' राहिली. ती वडिलांकडेच सरकवा, पण पावसाळ्यात. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली असे एकेक जण आपापली बाजू सांगतात, म्हणजे सगळं बोलणंच आहे. कान तयार झालेला माणूस एवढ्या पानांना भीत नाही.

तुमच्या यादीत जाड पुस्तकं का होती, तेही सांगते. वितरकाकडून आम्हाला साधारण पंचवीस ते पस्तीस टक्के सुटतात. त्यातून भाडं, वीज, एका मुलीचा पगार आणि वर्षानुवर्षं पडून राहणाऱ्या प्रती. काही प्रकाशक जांगड माल देतात, न खपलेला परत घेतात. पण बरेचसे रोख मागतात. पातळ पुस्तक विकून पन्नासेक रुपये हाती येतात, जाड संच विकून सहाशे-सातशे. सांगायला वेळ दोन्हीला सारखाच लागतो, पातळ्याला जास्तच. म्हणून दर्शनी टेबलावर थप्पी कशाची लागते ते ओळखा. आमच्याही टेबलावर लागते, मी काही संत नाही. मात्र विचारलंत तर खरं सांगते.

पुस्तकांच्या दुकानात कॉफी आली ती या हिशेबातून. आमचे हे कारखान्यातून निवृत्त झाले आणि घरी बसवेना, तेव्हा त्यांनी चिकमंगळूरची कॉफी मागवून फिल्टर सुरू केला. गंमत अशी की पाटीवर कॉफी लिहिलंय आणि खपतो चहा. ह्यांना त्याचं वाईट वाटतं. पुस्तकावर जीएसटी नाही, चहा-कॉफीवर पाच टक्के आहे, त्यामुळं एकाच टेबलावर दोन बिलं होतात आणि रोज कुणाला तरी ते समजावून सांगावं लागतं. वाफ आणि साखर या दोन्ही पुस्तकांच्या वैरी. वाफेनं पानं लाटेसारखी उठतात. साखर सांडली की मुंग्या, मुंग्यांमागं झुरळं, आणि झुरळाला पुस्तकाच्या बांधणीतली खळ आवडते. म्हणून फिल्टर आणि कपाटं यांच्यात आम्ही आख्खी खोली सोडली आहे. कॉफी घेऊन कपाटापर्यंत यायचं नाही, पुस्तक घेऊन कॉफीपर्यंत जायला हरकत नाही. भडंग मात्र दोन्हीकडे बंद. सांगलीत भडंग बंद ठेवणं म्हणजे गुन्हाच, पण तेल आणि तिखट-हळदीची बोटं एकदा मुखपृष्ठाला लागली की ती प्रत आमचीच झाली. भडंगाला बाहेर कठड्यावर जागा आहे, शेजारी नळ आहे.

आमचं दुकान पहिल्या मजल्यावर का, असं तुम्ही आल्यावर विचारालच, म्हणून आत्ताच सांगून टाकते. २०१९च्या ऑगस्टपर्यंत आम्ही गावभागाकडे तळमजल्यावर होतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी चाळीस फूट, धोक्याची पंचेचाळीस. त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. आधीच्या रात्री आम्ही खालचे दोन कप्पे रिकामे करून वर रचले होते आणि निर्धास्त झोपलो होतो, २००५चा अंदाज धरून. आठवड्यानं कुलूप उघडलं तर दारच ढकलेना, आतून पुस्तकं फुगून दाराला रेटा देऊन बसलेली. नगर वाचनालयातही पाणी शिरलं होतं. तिथल्या जुन्या पुस्तकांपुढं आमचं नुकसान काहीच नव्हतं.

त्या वेळी कुणी सांगायला नव्हतं ते आता मी सगळ्यांना सांगते, तुमच्या घरीही उपयोगी पडेल. भिजलेलं पुस्तक उन्हात टाकू नका. पुठ्ठा वाकतो आणि पानं पापडासारखी होतात. जोर लावून उघडूही नका. उभं करून पंख्याखाली ठेवायचं, वीस-पंचवीस पानांमागं एक कोरा, शाई न लागणारा कागद घालायचा, ओला झाला की बदलायचा. दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. इतकी पुस्तकं एकदम हाताळता येत नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाकायची. थंडीत बुरशी थांबते आणि मग सवडीनं एकेक सुकवता येतं. गुळगुळीत कागदाची चित्रांची पुस्तकं आधी उचलायची, कारण ती सुकताना पान पानाला कायमचं चिकटतं. आम्ही नेमकी ती शेवटी उचलली. लहान मुलांचं सगळं कपाट गेलं.

तर आम्ही आता विश्रामबागेकडे वरच्या मजल्यावर आहोत, आणि नवीन काय ते ऐका.

जिन्याजवळचं एक कपाट आता कन्नडमधून मराठीत आलेल्या पुस्तकांचं केलंय. मिरजेपासून पुढं आणि जत तालुक्यात कितीतरी घरांत दोन्ही भाषा चालतात, तरी हे कपाट करायला मला इतकी वर्षं लागली, याची लाज वाटते. २०२५च्या सप्टेंबरात एस. एल. भैरप्पा गेले तेव्हा आठवडाभर लोक येऊन 'पर्व' आणि 'वंशवृक्ष' मागत होते. दोन्ही उमा कुलकर्णींनी मराठीत आणलेली. 'वंशवृक्ष'च्या भाषांतराला साहित्य अकादमीचा पुरस्कारही आहे. त्यांच्यामुळं आपल्याकडे अनेकांना भैरप्पा मराठीच लेखक वाटतात. त्याच वर्षी मे महिन्यात बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या इंग्रजी भाषांतराला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, तेव्हापासून कॉलेजची मुलंही या कपाटाशी थांबायला लागली आहेत.

जानेवारीत साताऱ्याला नव्व्याण्णवावं साहित्य संमेलन झालं. ओळखीच्या एका प्रकाशकाच्या गाळ्यात आम्हीही दोन खोकी लावली होती. विश्वास पाटील अध्यक्ष असल्यामुळं जो तो 'पानिपत' मागत होता. मी प्रत्येकाला 'झाडाझडती'ही उघडून दाखवली. साताऱ्यात ती समजावून सांगावी लागली नाही. खोकी रिकामी आली आणि ह्यांनी आणलेला कॉफीचा थर्मास मात्र भरलेलाच परत आला.

संक्रांतीला औदुंबरला कृष्णाकाठी सदानंद साहित्य मंडळाचं संमेलन भरतं, ते तुमच्यापासून फार लांब नाही. मोठ्या संमेलनाचा बडेजाव तिथं नाही. दत्ताचं दर्शन, नदी, झाडाखाली कविता. पुढच्या वर्षी वडिलांना घेऊन जा, वाट त्यांना माहीत असेलच.

दिवाळी अंक सध्या निम्म्या किमतीत आहेत, मार्चअखेर उरलेले वाचनालयांना देऊन टाकू. 'मनोरंजन'नं १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हे वेड आपल्याला लागलंय. पण दिवाळीत पूर्ण किमतीला घेणारे आणि आत्ता निम्म्याला घेणारे यांत नीट वाचणारे कोण, याबद्दल माझं एक मत आहे, ते मी गिऱ्हाइकांसमोर बोलत नाही. कॉफीचा कप दहा रुपयांनी वाढलाय. बियांचे भाव चढलेत आणि ह्यांना चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती मुळांची पूड, वाढवायची नाही. चहा तेवढ्यालाच आहे.

आणि रविवारचं. अकरा ते बारा कुणीतरी एक जण मोठ्यानं वाचतो, बाकीचे ऐकतात. लेखक बोलवत नाही, भाषण नाही, प्रश्नोत्तरं नाहीत. सुरुवातीला चार माणसं होती, आता पंधरा-वीस असतात. काही जण डोळे मिटून बसतात, त्यातले एक-दोन झोपतात, चालतं. सध्या 'बनगरवाडी'च चाललीय, निम्मी झाली. वाचणारे तेच ते पेन्सिलवाले काका. माझ्याकडच्या प्रतीतूनच वाचतात, मधे स्वतःचाच शेरा आला की थांबून, "हे मी लिहिलंय, पुस्तकात नाही," असं सांगतात. तुमच्या वडिलांची आणि त्यांची नोकरीतली ओळख निघाली तर तो तास वाचनाचा राहणार नाही, तयारीनं या.

येताना ती चार पुस्तकं पिशवीत घालून आणा. संच कोरा असेल तर निम्म्या किमतीत मी ठेवून घेते, त्याच्या बदल्यात वर सांगितलेली बरीचशी पातळ पुस्तकं येतील. अर्धं वाचलेलं भाषांतरही चालेल, त्याला गिऱ्हाईक कायम असतं. 'कोसला' आणि 'मृत्युंजय' घेणार नाही. ती परत न्यायची आहेत. सोमवारी बंद असतं. लिफ्ट नाही, बावीस पायऱ्या आहेत, मधे बसायला एक स्टूल ठेवलंय. वडिलांच्या गुडघ्यांना ते झेपणार नसेल तर खालून हाक मारा, रविवारचं वाचन त्या दिवशी खाली कठड्यावर करू.